तोललेली चीज घरात राहत नाही

नर्सबाईच्या सामानात सगळ्यांत भीतीची वस्तू कोणती, असं विचारलं तर लोक म्हणतील सुई. माझा अनुभव वेगळा आहे. सुईला बाया घटकाभर घाबरायच्या, डोळे मिटायच्या, "झालं काय बाई?" विचारायच्या आणि दंड चोळत घरी जायच्या. त्या खरोखर भ्यायच्या ते माझ्या सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळून बांधलेल्या वजनाच्या यंत्राला. लोखंडी पाट, पुढे घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यात एक काटा. पाटावर उभं राहिलं की काटा फिरायचा, एवढंच त्याचं काम. पण ते अंगणात मांडलं की गर्भार बाया आपल्या सासूच्या मागे लपायच्या.

मी नागपूरची. उत्तर नागपुरातल्या वस्तीत वाढले. वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होते, आणि पोरीनं शिकून नर्स व्हायचं हे त्यांनी त्याच सुमारास ठरवून टाकलं. शिक्षण झालं आणि नेमणूक मिळाली ती कुहीकडच्या धानाच्या गावांमध्ये. काम गर्भार बायांना शोधून काढण्याचं, त्यांना गोळ्या देण्याचं, पोट तपासण्याचं, बाळंतपण करण्याचं आणि दर भेटीला वजन घेण्याचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, वजनात काय एवढं? पण पोटात मूल वाढतंय, त्याची वार वाढतेय, बाईचं रक्त वाढतंय, हे आम्हाला बाहेरून कळणार कसं? नऊ महिन्यांत बाई आठ-दहा किलोंनी तरी भरली पाहिजे, हळूहळू, धानाच्या लोंबीसारखी. काटा जागचा हलला नाही तरी धोका, आणि एकदम पळाला तरी धोका. खेड्यात ना रक्त तपासायची सोय ना डॉक्टर जवळ. आमचा सगळा भरवसा त्या काट्यावर, आमच्या बोटांवर आणि कान लावून ऐकायच्या नळीवर.

नेमणुकीच्या पहिल्याच महिन्यात एका अंगणात मी यंत्र मांडलं आणि सुनेला चढ म्हटलं, तर सासू मध्ये आडवी आली.

"बाई, सुई टोचा, गोळ्या द्या. पण माह्या सुनेले काट्यावर नका चढवू. तोललेली चीज घरात राहत नाही."

मला शहरातलीला हे कळायला वेळ लागला. शेतकऱ्याच्या घरात रोजच्या जेवणाचा तांदूळ कोणी तोलत नाही, तो मापट्यानं नाहीतर ओंजळीनं घेतात. तोलायचं ते विकायचं. धान तोललं, मिरची तोलली, की ती गाडीत चढली, आणि गाडीत चढली ती गेली. मग पोटुशी सून काट्यावर चढवायची म्हणजे तिला निरोपच द्यायचा. माझ्या पुस्तकात यावर उत्तर नव्हतं. शेवटी मीच एक तोडगा काढला. आधी मी स्वतः काट्यावर चढायची. मग सून चढायची. ती उतरली की सासूनं दारात तिच्या पायांवर पाणी घालायचं आणि पाहुणीला घ्यावं तशी तिला आत घ्यायची. म्हणजे गेली आणि परत आली, प्रश्न मिटला. आमच्या केंद्राच्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आरोग्यखात्याच्या की देवऋषीच्या?" मी म्हटलं, सर, काटा फिरल्याशी मतलब.

दुसरी भानगड लोखंडाची. त्या भागात गर्भार बाई अंगावर लोखंड बाळगल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. अडकित्ता, चाकू, काही नाही तर विळ्याचं तुटकं पातं कमरेला खोचलेलं असायचंच. बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. वजनापुरतं ते काढून ठेव म्हटलं की तिच्या तोंडावरचा रंग उतरायचा. एका वेळी किती वाद घालणार? मी अडकित्त्याचं वजन मनातल्या मनात वजा करायला लागले आणि लोखंड तिथंच राहू दिलं. हा सौदा पुढे मला कुठे घेऊन गेला, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

खाण्याचं सांगणं तसं सोपं होतं. भात होताच. त्यावर घट्ट वरण, मूठभर फुटाणे, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, जवसाची चटणी, तलावातले झिंगे, चालत असेल त्या घरी अंडं. एका वेळी जात नसेल तर चार वेळा थोडं थोडं. व्यायाम म्हटलं की मात्र बाया पदरात तोंड घालून हसायच्या. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाण्यात दिवसभर वाकणाऱ्यांना मी काय कप्पाळ व्यायाम शिकवणार! त्यांना मी उलटच सांगायची, की ओझं उचलू नका, दुपारी घटकाभर डाव्या कुशीवर पडा. पण ज्यांना घरात बसवून ठेवलेलं असायचं त्यांना सांगायची की संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून चालून या, उकिडव्या बसा, उठा, लांब श्वास घ्या. सतरंजी टाकून मी स्वतः करून दाखवायची. एकदा एक आजी कुडावरून डोकावली आणि काळजीनं म्हणाली, "काहून वं, नर्सबाईच्या पोटात दुखून राहिलं काय?"

हसण्यावारी न्यायची गोष्ट एवढीच. बाकी सगळीकडे भीती बसलेली. घासागणिक भीती. पोट एकच, त्यात भात भरला तर लेकरू कुठं राहील? जास्त खाल्लं तर लेकरू मोठं होईल, आणि मोठं झालं तर अडकेल. लोहाच्या गोळ्यांनी म्हणे लेकराचं हाड जाड होतं. आणि गंमत अशी की या भीतीच्या मुळाशी खरं काहीतरी होतं. बाळंतपणात बाई मेल्याचं पाहिलं नाही असं एकही घर मला त्या गावांमध्ये भेटलं नाही.

मीही पाहिलं. एका मोठ्या गावातल्या खात्यापित्या घरची सून. सहा महिने काटा शहाण्यासारखा पुढे सरकत होता. सातव्यात, पंधरा दिवसांत त्यानं एकदम उडी मारली. घरचे खूश. सासरे पारावर बसून सांगायचे, आमची सून कशी भरून राहिली पाहा. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ते मांस नव्हतं, पाणी होतं. डोकं दुखतं का? थोडंसं. डोळ्यांपुढे काजवे? कधी कधी. मी म्हटलं, आजच्या आज नागपूरला न्या. ते म्हणाले, परवा ओटीभरण आहे, पाहुणे यायचे आहेत, ते झालं की नेतो. मी भांडले, हातापाया पडले, डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली. ओटीभरणाच्या दिवशी सकाळीच तिला झटके आले. मी पोचले तेव्हा अंगणात मांडव होता, हिरव्या खणांची परडी होती, आणि आतलं रडणं रस्त्यापर्यंत येत होतं. मूलही राहिलं नाही.

तेव्हापासून कोणाच्या काट्यानं उडी मारली की मी आधी तिची नडगी दाबायची. आणि गावोगाव एकच बोलणं सुरू झालं. नर्सबाईनं तोलली अन् गेली.

हे बोलणं ताजं असतानाच गिरजाची गोष्ट घडली. गिरजा ही नामदेवची बायको. नामदेव आठवडी बाजारांत गूळ, फुटाणे, मुरमुरे विकायचा. घरात तिसरी भागरताबाई, नामदेवची आई. तिचा नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं मुलगा वाढवला. तोंडानं फटकळ, पण वाढताना हात सढळ. सुनेला उपाशी ठेवणाऱ्या सासवांशी भांडून माझा घसा बसलेला, आणि इथे सासूच माझ्याकडे तक्रार करायची.

"बाई, मी ताट भरून देते. ताट चाटूनपुसून परत येते. अन् पोट्टीच्या अंगाले काही लागत नाही. जाते कुठं?"

मी गिरजाला विचारायची, भूक लागते की नाही? ती खाली पाहून म्हणायची, "भूक नाही लागत बाई." दर भेटीला हेच. पहिल्या काही महिन्यांत तिचा काटा हलेचना, तेव्हा मी रागावले. पुढच्या भेटीला तो थोडा सरकला. मी पाठ थोपटली. त्याच्या पुढच्या भेटीला आणखी थोडा. भागरताबाईनं दारात तिच्या पायांवर पाणी घातलं, मला गुळाचा खडा दिला. तोही वरून, हाताला हात लागू न देता. आमच्या वस्तीतल्या बाईला तेव्हा असाच गूळ मिळायचा. मी तो खायची. गूळ गोडच असतो.

आणि मग आठव्या महिन्यात एका सकाळी गिरजा काट्यावर चढली आणि काट्यानं उडी मारली.

मांडव आठवला, खणांची परडी आठवली. मी तिला तिथेच खाटेवर बसवलं, खाली बसून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडलाच नाही. पाय काडीसारखा, कोरडा ठक्क. दुसरा पाय तसाच. डोकं दुखतं? नाही. डोळ्यांपुढे काही? नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात तिनं पदर सावरायला हात वर केला आणि सातव्या महिन्यात भरलेल्या हिरव्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरल्या. त्या दिवसांत बाईचे हात भरतात, बांगडी मनगटात घट्ट बसते. हिच्या हातात तर भरल्या त्या दिवसापेक्षा सैल झालेल्या.

वजन वाढलं आणि हात बारीक झाला. मग वाढलं ते काय? पोटात पाणी असेल, गाठ असेल, काय काय मनात येऊन गेलं. मी तिला आत नेलं आणि निजायला सांगितलं. ती निजेना. दोन्ही हात कमरेवर घट्ट. मी हात धरून बसवायला गेले तर लुगड्याच्या आत काहीतरी खणकन वाजलं. अडकित्ता असा वाजत नाही.

"गिरजा, लोखंड काढ."

"नको बाई. बाधा होईन."

"बाधेचं मी पाहते. काढ."

तिनं निऱ्यांच्या मागून एक कापडी थैली सोडली. आधी अडकित्ता निघाला. मग एक किलोचं माप निघालं. मग अर्ध्या किलोची दोन, मग दोनशे ग्रॅमची दोन. सगळ्यांवर सरकारी शिक्के ठोकलेले. भागरताबाई दारात उभी होती.

"अवं, हे तर नामदेवची मापं हायेत!"

माझ्या फेरीच्या दिवशी बाजार नसायचा, मापं घरीच असायची. मी पहिल्यांदा रागावले तेव्हापासून त्यात भेटीगणिक भर पडत गेली. काटा सरकतोय म्हणून मीही मागच्या दोन भेटींत पोट चाचपलं नव्हतं. यावेळी गिरजा घाबरून मोठंच माप उचलून बसली होती.

मला खरं तर फार राग यायला हवा होता. पण तिच्याकडे पाहिलं आणि राग आला नाही, भीतीच वाटली. कारण मापं बाजूला ठेवून मी पोट हातानं मोजलं, तर महिन्यांच्या मानानं ते लहान होतं. नळी लावली. ठोके होते, पण आतलं मूल वाढायला मिळत नाही म्हणून जागच्या जागी थांबलेलं. आठवा महिना चालू होता. हातात दिवस किती उरले होते!

"ताटातलं कुठं जाते?" भागरताबाईनं विचारलं.

"बकरीले," गिरजा म्हणाली.

"अन् माझ्या गोळ्या?" मी विचारलं.

"चुलीत."

भागरताबाई आत येऊन खाली बसली. मग गिरजा बोलली. ती इतकं बोलू शकते हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"माही मोठी बहीण बाळंतपणाले माहेरी आली होती. सगळ्यांनी तिले खाऊ घातलं. तूप, लाडू, दूध. सगळे म्हणत, पोट किती मोठं दिसते वं, वाघासारखं लेकरू होईन. झालं मोठं. अडकलं. मी तिचे पाय धरून होती बाई. ती मले म्हणे, काहून खाल्लं मी एवढं, काहून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मेली. मग मी ठरवलं, आपलं लेकरू लहानच ठेवायचं. चिमणीएवढं. निघून जाईन सुटकन."

बाहेर बकरी ओरडत होती, तिला तिची वेळ ठाऊक होती.

मी समजावायला घेतलं. मूल अडकतं ते आईनं तूप खाल्लं म्हणून नाही. मूल आडवं असेल तर अडकतं, बाहेर यायची हाडांची वाट अरुंद असेल तर अडकतं, आणि वेळेत दवाखान्यात नेलं नाही की बाई हातची जाते. उपाशी बाईचं मूल लहान होतं, पण ते जगायलाही लहानच पडतं. आणि तिच्या स्वतःच्या अंगात कळा द्यायला जोर राहत नाही, गेलेलं रक्त भरून काढायला रक्त राहत नाही. गिरजानं सगळं ऐकून घेतलं.

"मग मी खाल्लं तर मी मरणार नाही, असं सांगता काय तुम्ही?"

नोकरीत मला हजार प्रश्न विचारले गेले. इतका सरळ कोणीच विचारला नाही. हो म्हणणं सोपं होतं. पण मांडवातलं रडणं कानात होतं, आणि खोटं ऐकून खाल्लेला घास तिच्या अंगी लागला नसता असं मला वाटलं.

"नाही सांगत," मी म्हटलं. "कोणीच सांगू शकत नाही. पण नागपूरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना तुझी वाट तपासायला लावते. ती अरुंद निघाली तर तू तिथंच बाळंत होशील. बरी निघाली तर इथं, आणि मी शेवटपर्यंत तुझ्याजवळ असेन. आणि उपाशी राहिलीस तर मात्र काय होईल ते मी आजच सांगू शकते."

गिरजा म्हणाली, "तुम्ही माह्यासंगं जेवान काय?"

मी भागरताबाईकडे पाहिलं. तपासणी सोडली तर मी ओसरीच्या पुढे कधी बसले नव्हते, पाण्याचा पेलासुद्धा माझा वेगळा होता. भागरताबाई क्षणभर थांबली. तो क्षण मला अजून आठवतो, कारण त्यात तिच्या चेहऱ्यावरून एक भीती गेली आणि तिच्यापेक्षा मोठी दुसरी आली. मग ती उठली, दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली आणि तिसरं स्वतःला घेऊन आमच्यासमोर बसली. "जेवा वं," ती म्हणाली. "माह्या सुनेनं खाल्लं पाहिजे. बाकी मग पाहू." बाकीचं तिनं पुढे कधी पाहिलं नाही.

एसटीनं आम्ही तिघी नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, वाट चांगली आहे, मूल सरळ आहे, पण लहान आहे. हिला खाऊ घाला. गिरजानं बाहेर आल्यावर तीनदा विचारलं, "वाट चांगली म्हणाल्या ना?" बसस्टँडवर तिनं पहिल्यांदा कोणी न सांगता एक केळं खाल्लं. अर्धं. उरलेलं भागरताबाईनं पदरात बांधून घेतलं आणि घरी पोचेपर्यंत तिच्याकडून संपवून घेतलं.

मग माझी वाट वाकडी झाली. फेरी कुठल्याही गावाची असो, जमेल त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला. संध्याकाळी सासू-सून तलावाच्या पाळीवरून चालायच्या. भागरताबाई पुढे, लोकांच्या नजरा हटवत, गिरजा मागे. अंगणात उठबस करताना गिरजा धापा टाकायची आणि भागरताबाई तिच्या सोबत स्वतःही उठबस करायची, गुडघे कुरकुरत. बकरी मात्र रोडावली. भूक लागते का असं मी आता विचारत नव्हते. गिरजा औषध घ्यावं तसं जेवायची, एकेक घास मोजून, आणि प्रत्येक घासानंतर एक हात पोटावर. किती मोठं झालं ते पाहायला.

थैली सोडून, नुसत्या अडकित्त्यासह तिनं काट्यावर चढायला सुरुवात केली. काटा पुढे जायला लागला, खरोखरीचा. मला आनंद व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ धडकी भरायची. बहिणीची हाडं कशी होती कोणाला ठाऊक? डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा मूल लहान होतं. आता मीच ते वाढवत होते. मी दर वेळी नडगी दाबायची, डोकं कुठे आहे ते हातानं चाचपायची, आणि सायकलवर परत जाताना गिरजाचा तो प्रश्न माझ्यासोबत असायचा.

दिवस भरले आणि एका सकाळी निरोप आला. मी पोचले तेव्हा कळा धरल्या होत्या. नामदेवला सांगितलं, गाडी जुंपून दारात ठेव, बैल सोडू नकोस. नागपूर लांब, रस्ता कच्चा. थांबायचं किती आणि निघायचं कधी, हे मलाच ठरवायचं होतं. दुपार झाली. डोकं उतरायला लागलं आणि मधेच थांबलं. कळ येतेय, जातेय, डोकं तिथंच. मी नळी लावून ठोके ऐकत होते आणि बाहेर बैल मान हलवत होते. ठोके आणि घुंगरं माझ्या कानात मिसळायला लागली. भागरताबाई गिरजाचे पाय धरून बसलेली, जशी कधी गिरजा बहिणीचे पाय धरून बसली असेल.

एक कळ ओसरली आणि गिरजानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मोठं केलं ना तुम्ही त्याले?"

मी नामदेवला हाक मारायला तोंड उघडलं, आता निघायचंच. पण मग मला सुचलं, की व्यायाम म्हणून हिला दोन महिने जे शिकवलं ते कशासाठी शिकवलं? ती तर आडवी पडून आहे. मी म्हटलं, "गिरजा, ऊठ. उकिडवी बस. अंगणात बसायचीस तशी. आणखी दोन-तीन कळा पाहू, नाही तर गाडी उभी आहे." भागरताबाईनं मागून तिला काखेत धरलं. गिरजा बसली. कळ आली तसा तिनं लांब श्वास घेतला आणि जोर केला. तो जोर कुठून आला असं कोणी विचारलं तर मी सांगेन. वरणातून आला, फुटाण्यांतून आला, तलावाच्या पाळीवरून आला. डोकं खाली सरकलं. पुढच्या कळेला आणखी. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली, आणि अशी ओरडली की दारातले बैल बिचकले.

मी वार पाहिली, रक्त पाहिलं, पोट घट्ट झालं का पाहिलं.

मुलीला पुसून कापडात गुंडाळली. तेव्हा गिरजा पडल्या पडल्या म्हणाली, "तिले तोला."

माझ्याकडे लहान मुलांचा काटा त्या दिवशी नव्हता. मी म्हटलं, उद्या आणते. "नाही. आत्ता. त्या मापांनी तोला."

"येडी झाली काय वं?" भागरताबाई ओरडली. "एवढ्या मुश्किलीनं आली अन् तोलतेस? तोललेली चीज घरात राहत नाही!"

"मले नाही तोललं काय इतके महिने?" गिरजा म्हणाली. "राहिली ना मी घरात?"

भागरताबाई स्वतः उठून नामदेवचा तराजू घेऊन आली. एका पारड्यात मऊ लुगडं घालून मुलीला ठेवलं, मी खालून हात धरला. दुसऱ्यात नामदेवनं थैलीतली मापं एकेक करून ठेवली. एक किलोचं. अर्ध्या किलोची. दोनशे ग्रॅमची. गिरजा मान उचलून पाहत होती. कमरेला बांधलेली सगळीच्या सगळी मापं संपली, तरी मुलीचं पारडं खालीच होतं.

"त्याच्याहून मोठी झाली," गिरजा म्हणाली. "अन् मी जिवंत हावो." आणि ती रडायला लागली. तिच्या बहिणीचं नाव घेऊन रडली, मोठ्यानं, पुष्कळ वेळ. आम्ही तिला रडू दिलं.

भागरताबाईचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. ती कोठीत गेली, मूठभर कोंडा घेऊन आली आणि माझ्या पदरात टाकला. "घ्या बाई. तोललेली चीज विकावीच लागते. तुम्ही विकली, आम्ही कोंड्यावर घेतली. आता आमचीच." मी पदर सावरला आणि मुलगी रीतसर त्यांच्या हवाली केली. तिचं नाव त्यावरूनच कोंडाबाई पडलं.

सामान आवरून मी यंत्र पोत्यात गुंडाळत होते. नामदेव बैल सोडत होता. तेवढ्यात आतून गिरजाची हाक आली. रक्त? झटके? मी पोतं टाकून धावत आत गेले.

ती मुलीला कुशीत घेऊन पडली होती.

"मले भूक लागून राहिली, बाई," ती म्हणाली.